शहादेवचा पस्ताना

माझं तोंड वाईट हाय, हे अख्ख्या पाटोद्याला ठाऊक हाय. म्हणूनच माझ्या भावानं, मोहनरावानं, मला घरात ठेवून घेतलं न्हाई. दिंद्रुडला नवरा वारला, मी माहेरी आले, आन् दिवाळी यायच्या आत घरातल्या समद्या बायांशी माझं वाजलं. तवा त्यानं वेशीबाहेर जामखेडच्या वाटेवर मला दोन खणांचं घर बांधून दिलं. म्हणला, "आक्का, तिथं तू सुखात ऱ्हा, इथं आमी सुखात ऱ्हातो." मीबी म्हणलं, लई बरं झालं, रोजची कटकट गेली.

त्याच घरात शहादेवचा पस्ताना ठेवला. शहादेव म्हंजी मोहनचा एकुलता एक. औरंगाबादेत शिकला, पुढं हैदराबादला शिकला, आन् सरकारनं वजिफा, म्हंजी शिकायचा खर्च, देऊन त्याला विलायतेला धाडायचं ठरवलं. लंडनला. हे नाव गावात पहिल्यांदा तहसीलदाराच्या तोंडून आलं, मग ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. ज्यांनी जन्मात बीडच्या पुढं पाय टाकला न्हाई ते पारावर बसून लंडनात ऊन पडतं का न्हाई यावर भांडायला लागले. मोहनचे तर पाय जमिनीवर ठरत नव्हते. मिशीला पीळ देत गावभर फिरायचा, आन् कुणी विचारलं न्हाई तरी सांगायचा.

गप होती ती एकटी छबू, शहादेवची माय. तिचा धाकटा भाऊ रामहरी लढाईच्या साली नगरला जाऊन फौजेत भरती झाला. त्याला आगबोटीत घालून बसऱ्याला नेला, आन् तो काही माघारी आला न्हाई. मेला असं कुणी कळवलं न्हाई, जिता हाय असंबी न्हाई. तिच्या मायनं मरेपर्यंत त्याच्या नावाची भाकरी झाकून ठेवली. तवापासून समुद्र म्हणलं की छबू उठून आत निघून जायची.

एकदा तुरी पाखडता पाखडता ती मला म्हणली, "वन्सं, एवढं शिकून तिथलाच झाला तर? रामहरीसारखं झालं तर?"

म्हणलं, "कावून मला विचारतीस? तू माय हायस. नको जाऊ म्हण त्याला."

"म्हणलं तर तो राहील हो," छबू म्हणली. "लगेच राहील. म्हणून तर म्हणत न्हाई."

मला तिचा राग आला. माणसानं एक तर रडून घ्यावं, न्हाई तर भांडून घ्यावं. हे मधलं कुढत बसणं मला आवडत न्हाई. पर तिचा सूपभर तुरीत गेलेला हात तसाच थांबलेला बघितला आन् सूप माझ्याकडं ओढून घेतलं.

आता पस्तान्याचं सांगते. जोशीबुवानं पंचांग बघून गुरुवार काढला. त्याच्या पुढं आगबोट सुटेपर्यंत एकबी दिवस धड नव्हता म्हणं. पर गुरुवारीच निघून मुंबईत एवढे दिवस काय करायचं? अशा वक्ताला आमच्याकडं पस्ताना ठेवतात. नव्या धोतरात सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, मूठभर तांदूळ बांधायचे आन् ते गाठोडं मुहूर्तावर गावाबाहेर, जायच्या दिशेला, कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. म्हंजी माणूस निघाला. मग खरा कवाबी जाऊ द्या.

दुसऱ्यांच्यात एवढंच असतं, गाठोडं बाहेर आन् माणूस घरात. आमच्या घराण्याची रीत निराळी. आमच्यात गाठोड्याबरोबर माणूसबी बाहेर पडतो, आन् एकदा पडला की घराचा उंबरा माघारी ओलांडायचा न्हाई. आमच्या एका चुलत्यानं म्हणं विसरलेली पगडी आणायला घरात पाय टाकला, आन् वाटेत पटकीनं गेला. पटकी त्या साली जिकडं तिकडं होती, पगडी न आणणारेबी शेकड्यानं मेले. पर ते कोण सांगणार!

तर गुरुवारी शहादेव गाठोडं, लोखंडी पेटी आन् नवे बूट घेऊन माझ्या घरी राहायला आला. बूट गाठोड्यात बांधतो म्हणत होता. जोशीबुवा खवळला, "चामडं? पस्तान्यात?" शहादेव हसून म्हणला, "बुवा, लंडनात अनवाणी फिरू काय?" मलाबी हसू आलं. पोरगा गोड हाय, मायच्या वळणावर गेलाय.

रोज दिवस कलला की छबू वेशीतून यायची. हातात काही ना काही असायचं. कधी धपाटे, कधी शेंगाची चटणी. ओट्यावर बसायची, तो खाईपर्यंत त्याच्याकडं बघायची आन् दिवेलागणीला माघारी जायची. तिनं इकडं यायला रीतीची आडकाठी नव्हती. बंदी होती ती त्याला.

आन् एका दिवशी ती आली न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. घरून वत्सला डबा देऊन गेली, ती शेजारची, मोहनच्या घरात वरकामाला असायची. शहादेवनं विचारलं, "माय कावून आली न्हाई?" वत्सला माझ्याकडं बघून म्हणली, "कामात हायत." मी वळखलं. खोटं बोलायला जसली बाई लागते तसली ती वत्सला नव्हं.

तशीच पदर खोचून मी गावात गेले. बघते तर छबू माजघरात बाजेवर पडलेली. अंगाचा भडका उठलेला, ओठाला भेगा. मुदतीचा ताप. हकीम येऊन गेलता, घोड्यावर बसता बसता मोहनला म्हणला होता, "बाई को हिलाव मत, मोहनराव. ये हफ्ता भारी है."

"आन् पोराला कळवलं न्हाई?" मी मोहनला विचारलं.

"कळवून काय करू?" तो खालच्या आवाजात म्हणला. "त्याला कळलं तर तो धावत घरात येईल. पस्ताना मोडंल. परवा गाडी जुंपायची हाय. पुन्हा मुहूर्त न्हाई, आन् आगबोट काय आपल्या दारात थांबतीय? तू बोलू नको, आक्का. तुला माझ्या गळ्याची आण हाय."

"गळा दाबीन तुझा," मी म्हणलं. पर आण घातली होती. मी घरी आले आन् शहादेवला म्हणलं, माय कामात हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं तोंड केलं आन् ओली लाकडं आणल्याबद्दल सरपणवाल्याला लाखोली वाहिली.

सकाळी उठले तीच डोक्यात राख घालून. शहादेवला म्हणलं, गिरणीवर जाऊन येते, आन् थेट मोहनच्या घरी गेले. छबूचे डोळे उघडे होते. मला बघून तिनं हात पुढं केला.

"वन्सं, आज जायचा न्हवं तो?"

"उद्या," मी म्हणलं.

"मला एकडाव दाखवा हो त्याला. लांबून दाखवा. उंबऱ्याच्या बाहेर उभा करा."

मोहन दारात उभा होता. त्याच्याबी डोळ्यात पाणी आलतं, मी खोटं कशाला बोलू. पर मान हलवत होता, न्हाई न्हाई म्हणत. "दारापर्यंत आला की आत आल्याबिगर राहील का तो?"

आन् मला एकदम सुचलं. म्हणलं, "अरे, रीत काय म्हणते? त्यानं उंबरा ओलांडायचा न्हाई. हिनं ओलांडायचा न्हाई असं कुण्या शहाण्यानं सांगितलंय? उचला बाज! माझ्या घरी नेऊ."

"हकीम म्हणला हलवू नका."

"हकीम गेला खड्ड्यात. तिला विचार."

छबूला विचारायची गरजच पडली न्हाई. तिनं उठून बसायचा नाद चालवलाता.

मोहनची जमीन कसणारी दोन कुळं आन् दोन भावकीतले, अशा चौघांना हाका मारल्या. मी बजावलं, "खांद्यावर घ्यायची न्हाई बरं का रे! हातात धरायची, कमरेच्या खाली. जिती बाई हाय." सावलीसाठी वर धोतर ताणलं. घरातल्या समद्या बाया पंखे, तांब्या, उशा घेऊन निघाल्या. निघता निघता मी वत्सलाला म्हणलं, "ती जागा घाण झालीय ओकून ओकून. सारवून टाक चांगली, आन् धुणं घेऊन नदीवर जा." तिनं मान हलवली.

वेशीपर्यंत बाज चार ठिकाणी टेकवली. लोक दारात येऊन उभे राहिले, बायांनी तोंडाला पदर लावले. मी प्रत्येकीला सुनावलं, "काय बघतासा? जिती हाय ती! चुली फुंका आपल्या!" छबूनं डोळे मिटून घेतले होते, पर ओठ हलत होते. कान लावला तर ती म्हणत होती, "केस बरे हायत का माझे?" मी थांबून तिचे केस हातानं सारखे केले. मोहन मागून फेटा नीट बांधून चालत होता, तहसीलदाराकडं चालल्यावानी.

माझ्या घरी पोचलो तर दार सताड उघडं. ओट्यापुढं सिदू, आमचा गाडीवान, आखाला वंगण घालत बसलेला. उद्याच्या गाडीची तयारी. आमाला बघून त्याच्या हातातलं वंगणाचं नळकांडं खाली पडलं.

"शहादेव कुठंय?" मी विचारलं.

सिदूनं एकदा बाजेकडं बघितलं, एकदा मोहनकडं. "मालक, माझी चुकी झाली. मी आपलं बोलून गेलो... हकीम पहाटं पुन्हा आलते म्हणून. धाकल्या मालकांनी विचारलं, कुणासाठी? मग मी सांगितलं. ते तसेच निघाले, अनवाणी. वेशीतून न्हाई, मागल्या मळ्यातून. कुणी बघू नये म्हणून."

आमी वेशीतून येत होतो आन् तो मळ्यातून जात होता. तिला बाहेर काढलं ती त्यानं आत जाऊ नये म्हणून, आन् हा त्याच वक्ताला आत गेला. कुणाला शिव्या घालाव्यात हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळेना.

बाज ओट्यावर सावलीला ठेवली. छबूला काही सांगितलं न्हाई, तोंड धुवायला गेलाय म्हणलं. वाट बघत बसलो. वेशीकडं बघावं, मळ्याकडं बघावं, कुणी न्हाई. आता घर काय एवढं लांब हाय? जाऊन रिकामं बघितलं तर माणसानं लगोलग माघारी यावं की न्हाई? मोहन सारखा उठत होता, बसत होता. मी सिदूला बघायला धाडणार, एवढ्यात तो दिसला. ना वेशीकडून, ना मळ्याकडून. नदीच्या अंगानं येत होता.

डोक्याला टोपी न्हाई. गुडघ्यापर्यंत चिखल. जवळ आला तसं त्याचं तोंड दिसलं, आन् मी घाबरले. माणूस एवढा पांढरा पडलेला मी बघितला नव्हता. तो ओट्यापाशी आला, बाज बघितली, आन् जागच्या जागी थांबला. छबूनं डोळे उघडले.

"कुठं गेलतास रं?" ती म्हणली.

तो तिच्या पायावर कोसळला आन् मोठ्यानं रडायला लागला. लहानपणीबी असा कधी रडला न्हाई. हुंदक्या हुंदक्यातून कळलं ते असं. घरात गेला, माय माय करत माजघरात गेला, तर घरात चिटपाखरू न्हाई. बाज न्हाई, अंथरूण न्हाई, आन् ती जागा ओल्या शेणानं सारवलेली. मेलेलं माणूस उचललं की सारवतात तशी. त्याला वाटलं, नेली. मला न सांगता नेली. तसाच तो नदीकाठच्या मसणवट्यात पळाला. तिथं कुणी न्हाई. राखबी थंडगार, जुनी. पुढं धुणं धुत बसलेली वत्सला दिसली, तिनं सांगितलं, माय जिती हाय, आक्काच्या घरी नेलीय.

सारवायला मीच सांगितलंतं. हे सांगायला माझी जीभ उचलंना, तरी सांगितलं. कुणी ऐकलं न्हाई. छबू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती आन् म्हणत होती, "येड्या, मी हाय की. हाय की इथं."

मोहननं तेवढं होऊ दिलं. मग विचारलं, "म्हंजी तू उंबरा ओलांडलास."

शहादेवनं मान वर केली. "होय, आबा."

"आत गेलास."

"गेलो."

मोहननं डोक्याचा फेटा काढून मांडीवर घेतला. ओरडला न्हाई. तो ओरडला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. "झालं," तो म्हणला. "पस्ताना मोडला. आता जाणं न्हाई. मी माझ्या एकुलत्या एकाला असा न्हाई धाडणार. सिदू, वंगण ऱ्हाऊ दे."

"न्हाईच जात मी," शहादेव म्हणला. "मायला अशी टाकून मी न्हाई जात."

तोंडानं म्हणला खरं. पर म्हणता म्हणता त्याचे डोळे आतल्या पेटीकडं गेले. एवढंच गेले आन् लगेच माघारी आले. मी बघितलं. छबूनंबी बघितलं.

आता बघा, काय झालंतं. बाईला एवढे दिवस जे पाहिजे होतं ते आयतं तिच्या पदरात पडलंतं. तिनं मागितलं नव्हतं, रडली नव्हती, आण घातली नव्हती. रीतीनंच पोराला तिच्यापाशी बसवलंतं. तिनं नुसतं डोळे मिटून पडून राहायचं होतं. कुणी तिला बोल लावला नसता. मी तर मनात म्हणत होते, पडून ऱ्हा बाई, गप पडून ऱ्हा.

ती उठून बसली. दोघींनी धरली तिला, तरी मान ताठ करून बसली.

"मोडला कसा?" ती नवऱ्याला म्हणली. जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज त्याच्यापुढं वर गेला. "पोरगं निघालंतं न्हवं? निघालेलं माघारी आलं न्हवं? माय आजारी हाय म्हणल्यावर आलं. रीत बघितली न्हाई, पाय अनवाणी हायत ते बघितलं न्हाई, आलं. मला तेच पाहिजे होतं. इथनं आलं तसं तिथनंबी येईल. तुमी जुंपा गाडी."

"छबू, आज अमावस्येचा—"

"काय असंल ते असू द्या. आजच जाऊ द्या. उद्यापर्यंत त्याचं मन फिरंल, न्हाई तर माझं."

मोहननं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं, आक्का काही बोलंल. मी सिदूला म्हणलं, "ऐकलं न्हाईस का बे? जुंप म्हणतीय ती."

पुढचं समदं घाईनं झालं. शहादेव न्हाई न्हाई म्हणत होता आन् छबू त्याला एकेक काम सांगत होती. पाय धू. दुसरं धोतर नेस. बूट घाल, बघू दे मला कसे दिसतात. त्यानं बूट घालून ओट्यावर चार पावलं टाकली, ठक ठक. ती हसली. "साहेब दिसतोस," म्हणली. त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं ते उचलंना. शेवटी तिनंच त्याचा खांदा ढकलला.

मोहन करोडगिरीच्या, म्हंजी जकातीच्या, नाक्यापर्यंत गाडीत बसून गेला. गाडी वळणाच्या चिंचेआड जाईपर्यंत छबू बसून होती, हात वर करून. दिसेनाशी झाल्यावरबी घुंगरं ऐकू येत होती. ती थांबेपर्यंत तिनं हात खाली घेतला न्हाई. मग आडवी झाली आन् भिंतीकडं तोंड केलं.

बायांना मी घरी लावून दिलं. ज्वारीची पातळ पेज केली, थोडं मीठ घातलं, वाटीत घेऊन तिच्यापाशी बसले. म्हणलं, "लई शहाणी झालीस ग आज. मोहनचं तोंड बघितलंस का? उभ्या जन्मात मला तो असा गप करता आला न्हाई. आन् बोललीस ते खरं हाय. इथनं आला तसा तिथनंबी येईल."

छबू भिंतीकडं बघूनच बोलली. "वन्सं, तो माघारी आला तो मी हाय म्हणून आला. आन् मी मेले असं वाटल्यावर कुठं गेला? घरी थांबला न्हाई. नदीकडं पळाला." ती दम घ्यायला थांबली. "मीच उरले न्हाई तर तिथनं कुणासाठी येईल?"

मला लई राग आला. तिचा, मोहनचा, त्या हकीमाचा, आगबोटीचा. वाटी दाणकन खाली ठेवली, पेज सांडली.

"मग मरू नको," मी म्हणलं. "त्यात काय एवढं? मरू नको म्हंजी झालं."

आन् तिची मान वळवून वाटी तोंडाला लावली. एक घोट गेला. दुसरा बाहेर आला. मी पदरानं तिची हनुवटी पुसली आन् वाटी पुन्हा लावली.